तोरगोमच्या हातचं पाणी

त्या वर्षी उपास पाळा असं कुणाला सांगावं लागलं नाही. मांस नव्हतं, लोणी नव्हतं, चीज कसं दिसतं तेही पोरं विसरली होती. माणशी पाव किलो ब्रेड, तोही चार तास रांगेत थिजल्यावर. वीज आली तर तासभर. आमची शेजारीण आरुस्याक मावशी आकाशाकडे बोट करून म्हणायची, "बघतोयस ना रे देवा? अख्खं ग्युम्री शहर हिस्नाक पाळतंय. कम्युनिस्ट पक्षाचे जुने साहेबसुद्धा!"

हिस्नाक म्हणजे ख्रिस्तजन्माआधीचे उपासाचे पन्नास दिवस. आमच्याकडे ते सहा जानेवारीला संपतात. भूकंपही याच दिवसांत झाला, सात डिसेंबरला. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून या पन्नास दिवसांत आम्ही आधी गेलेल्यांसाठी मेणबत्ती लावतो आणि मग येणाऱ्या बाळासाठी. कुणी तसं ठरवलेलं नाही, होतं आपोआप.

राहायला खोलीएवढे लोखंडी डबे होते, रशियातून आलेले. 'तात्पुरते' म्हणून दिले होते. त्यातलाच एक लांब डबा आमचं चर्च. आत मी पडदा शिवून लावला होता, बाहेर घंटेच्या जागी रुळाचा तुकडा टांगला होता. तो वाजवायचा, झाडलोट करायची, मेण वितळवून मेणबत्त्या ओतायच्या, ही माझी कामं. कुणी नेमलं नव्हतं मला. घरी बसवत नव्हतं म्हणून करत होते.

डिसेंबरच्या मध्यावर, रविवारची उपासना संपल्यावर आमचे पाद्री तेर घेवोंद माझ्याजवळ येऊन घुटमळले. त्यांना काही अवघड सांगायचं असलं की ते दाढीचं टोक बोटाला गुंडाळतात.

"शोघिक, यंदा क्रुसाला कावोर मिळाला."

मला बरं वाटलं. सहा तारखेला मंतरलेल्या पाण्यात क्रूस बुडवतात आणि जो तो बाहेर काढतो तो कावोर, धर्मबाप. ते पाणी सगळे पितात, बाटलीत भरून घरी नेतात, आजाऱ्याला देतात. त्या दिवसापासून तो माणूस ज्यांनी पाणी घेतलं त्यांच्या घरचा होतो. लग्नात त्याला पहिला मान, मयतीत त्याचा पहिला खांदा, आणि तो गेला तर त्याला आमचा. दोन वर्षं कुणी पुढे आलं नव्हतं, तेर घेवोंदच क्रूस बाहेर काढत.

"कोण?" मी विचारलं.

"तोरगोम."

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.

"लगेच नाही म्हणू नकोस," तेर घेवोंद म्हणाले. "मी त्याला सांगितलंय, शोघिक हो म्हणाली तरच. तू हो म्हणालीस तर बाकीचे म्हणतील."

तोरगोम आमची नऊमजली इमारत बांधणारा मुकादम. सगळे त्याला वारपेत म्हणायचे, उस्ताद. सिमेंटच्या गोण्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्यातल्या निम्म्या रात्रीत कुठे जायच्या ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. उरलेल्यात वाळू. भूकंपात ती इमारत पत्त्यांसारखीही पडली नाही. पत्ते निदान सुटे होतात. ती पिठासारखी बसली. तिसऱ्या मजल्यावर माझी हेर्मिने होती, नऊ वर्षांची. रात्री थोडा ताप आला होता म्हणून मीच तिला शाळेत पाठवलं नाही. शाळा पडली नाही. तोरगोमचं काळ्या दगडाचं बैठं घरही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. माझा नवरा हमो नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तोरगोम उंबऱ्याच्या आत आला नाही. बर्फ त्याच्या खांद्यावर साचत होतं, आणि कोट एवढा सैल झाला होता की आत कुणी आहे की नाही असं वाटावं.

"शोघिक जान," तो म्हणाला, "मला पोटाचा कॅन्सर आहे. वसंत दिसणार नाही म्हणतात."

"मग मी काय करू?"

"काही नको करू. पोरगा रशियात आहे, पत्र नाही. बायको गेली. माझ्या दारात मांजरही येत नाही गं. मी मेलो तर उचलायला चार माणसं नाहीत."

"हेर्मिनेला उचलायला चौघं लागले नाहीत," मी म्हणाले. "हमोनं एकट्यानं नेली."

मी वाट बघत राहिले. मी कशाची वाट बघत होते ते आता सांगून टाकते, कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

इमारत बांधली जात होती तेव्हा आमचं नाव घरांच्या यादीत लागलं होतं, तिसरा मजला. त्याच वर्षी सासूबाईंनी गावाकडे तळघर बांधायला काढलं, कोबी-काकडीची लोणची ठेवायला. सिमेंट कुठेच मिळेना. हमोनं तोरगोमकडून तीन गोण्या आणल्या. हातगाडीवर, वर गवत टाकून. गाडी मागून मी ढकलत होते आणि हसत होते. आमच्याच घराचं सिमेंट आम्हीच चोरून विकत घेतलं. ते तळघर अजून उभं आहे, साधी चीरसुद्धा नाही. आणि आम्हीच एकटे नव्हतो. अर्ध्या वस्तीनं घेतलं होतं. कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला, कुणी बापाच्या थडग्याला. जिवंत राहिलेल्यांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळा दोष एकाच माणसाच्या गळ्यात बांधून आम्ही मोकळे झालो होतो.

तोरगोमला हे सगळं नावानिशी माहीत होतं. तो एक शब्द बोलला असता, 'तीन गोण्या, शोघिक,' एवढंच, तर मी त्याच्या तोंडावर दार आपटलं असतं. तो बोलला नाही. डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

"हो," मी म्हणाले. "जा आता."

आरुस्याक मावशीला कळलं तेव्हा ती चुलीतला चिमटा घेऊनच आली. तिचे दोन मुलगे त्या इमारतीत गेले होते.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? त्याच्या हातचं पाणी पिणार तू?"

"कॅन्सर झालाय त्याला, मावशी."

"मग पाणी डॉक्टरला पाज म्हणावं! आमच्या घशात कशाला?"

"नको असेल तर घेऊ नका."

"आणि तू घेणार?"

"घेणार," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच इमारत पाडली. पण गेली गुपचूप. खुराडं तिचंच होतं.

पाच तारखेला, दिवे लावायच्या संध्याकाळी, पोरांनी बायबलमधली, भट्टीत टाकूनही न जळलेल्या तीन तरुणांची गोष्ट वाचली. वाचताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. "ती भट्टी इकडे पाठव म्हणावं, दोन दिवसांसाठी," मावशी मागून पुटपुटली आणि दोन-चार बायका हसल्या. तोरगोम दाराशी उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती, एवढ्या गर्दीतही.

सहा तारखेला तो दाढी करून आला. मान सुकून गेली होती, कॉलरमध्ये नुसती हलत होती. पाणी मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात होतं. तेर घेवोंदनी त्यात क्रूस बुडवला, पवित्र तेलाचे थेंब सोडले, आणि लोखंडी डब्यात फुलांचा वास पसरला. वर्षभर आमच्याकडे कुठेच तसा वास नसायचा. तोरगोमनं पांढऱ्या रुमालात क्रूस घेतला, बाहेर काढला, छातीशी धरला.

"ख्रिस्त जन्मला आणि प्रकटला!" तेर घेवोंद म्हणाले.

"तुम्हांआम्हांला शुभवार्ता," आम्ही म्हणालो.

मग क्रुसाचं चुंबन घ्यायचं आणि पाणी घ्यायचं. पळी माझ्या हातात होती. कुणी हललं नाही. बाटल्या सगळ्यांच्या हातात होत्या, पण सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. क्रुसावरून एकेक थेंब पातेल्यात पडत होता. तोरगोम माणसांकडे बघू लागला, एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश.

मी पुढे झाले. दया आली म्हणून झाले असं लोक म्हणाले, तेर घेवोंदही म्हणाले. खोटं आहे. मला वाटलं हा आता तोंड उघडतो आणि गोण्या मोजतो. मी क्रुसाचं चुंबन घेतलं आणि माझी बाटली काठोकाठ भरली.

माझ्या मागून मावशी आली. मग तिची सून. मग रांगच लागली, पार दाराबाहेर. तोरगोम प्रत्येकाला म्हणत होता, "कावोर आहे हं मी तुमचा. कावोर म्हणा आता." त्याचे गाल ओले झाले होते. त्यानं खिशातून वाळलेले जर्दाळू काढून पोरांच्या हातात एकेक ठेवला. कुठून आणले होते देव जाणे. पातेल्यातलं पाणी पार तळापर्यंत संपलं.

घरी आले. दर वर्षी मी ती बाटली हेर्मिनेच्या फोटोपुढे ठेवते आणि मग आम्ही दोघं एकेक घोट घेतो. हमोनं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. मी बाटली फोटोपुढे नेली. हात पुढे जाईना. तिच्यासमोर ते पाणी ठेवणं मला जमेना, आणि ते ओठाला लावून मी पुन्हा बूच बसवलं.

मंतरलेलं पाणी कुठेही ओतता येत नाही. त्यावर पाऊल पडता कामा नये. झाडाच्या मुळाशी ओततात, पण झाडं आम्ही चुलीत घातली होती. मग उरली चर्चची मागची भिंत. तिथून रोजची वाट नाही, एरवी तिथं कुणी जात नाही. दिवस मावळता मावळता मी गेले, भिंतीच्या कडेला बाटली उपडी केली, आणि मागे न बघता परत आले. देवानं बघितलं असेल, माणसानं कुणी नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसरा दिवस मृतांचा. सगळे आधी चर्चपाशी जमून मग स्मशानात जातो. मी झाडायला लवकर गेले तर तोरगोम फावडं घेऊन आधीच हजर. पुढचं सगळं बर्फ त्यानं काढलं होतं, दोन फावडी मारायची आणि दांड्यावर रेलायचं, असं करत.

"अहो, मरायचंय का आजच?" मी म्हणाले.

"कावोरनं नाही तर कुणी करायचं?" तो हसून म्हणाला. चार वर्षांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. "मागचंही काढतो."

"मागे नको. तिकडे कुणी जात नाही."

तो तोवर वळला होता.

मागच्या भिंतीच्या पायथ्याशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बर्फाची लादी झाली होती. आकाशातून पडलेलं पांढरं बर्फ नव्हे. काचेसारखी, थरावर थर, आत तेलाचे पिवळे ठिपके गोठलेले. एका बाटलीचं नव्हतं ते. दहांचंही नव्हतं. फुलांचा वास येत होता.

तोरगोम फावड्यावर रेलून बराच वेळ बघत राहिला.

"पातेलं गळकं आहे का गं?" त्यानं विचारलं.

पातेलं मी काल घासून आतल्या कोपऱ्यात उपडं घातलं होतं. मला हो म्हणता आलं असतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

तोवर लोक जमायला लागले होते. मला शोधत मावशी कोपऱ्यावरून आली, हातात धुपाची वाटी. तिच्यामागून आणखी चौघं-पाचजणी, मग पुरुष. जो तो कोपऱ्यावर आला की लादीकडे बघे, मग शेजारच्याकडे, आणि मान खाली घाली. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच आलो होतो. मावशीनं माझा दंड पकडला, इतका घट्ट की दुखला.

तोरगोमनं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. आता बोलेल, मला वाटलं. आता एकेकाचं नाव घेईल. घ्यावं, असंही वाटलं, देवाशपथ.

मार्चमध्ये त्याला उचलायला लष्कराच्या ट्रकवरची चार अनोळखी पोरं आली, पण ते नंतरचं.

त्यानं फावडं आडवं केलं, वाट अडवावी तसं, आणि लादीच्या पुढे उभा राहिला.

"जपून," तो आम्हांला म्हणाला. "तिकडच्या कडेनं जा सगळे. पाय पडेल कुणाचा. पवित्र आहे ते."

आम्ही कडेनं स्मशानाकडे गेलो, एकामागून एक, त्याच्या इतक्या जवळून की कोटाला कोट घासत होता.