फुल टाकी

राकेशने खराडीला आयटी पार्कसमोर फ्लॅट घेतला आणि त्याच महिन्यात भीमरावांच्या गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. रविवारी नव्या घरी जेवण होतं. भीमरावांची इच्छा एवढीच होती, की हिराबाईंना शेजारी बसवून आपल्या गाडीने मुलाच्या दारात उतरायचं. भावकीतली पहिली गाडी होती ती. सरकारी खात्यात कारकुनी करत घेतलेली. मागच्या काचेवर निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहिलेलं. तेव्हा हिराबाईंनी पेंटरच्या डोक्यावर उभं राहून अक्षरं मोठी करून घेतली होती.

“पप्पा, गाडी लीक होतेय,” राकेश फोनवर म्हणाला. “आमच्याकडे बेसमेंट पार्किंग आहे, रिस्क नको. मी कॅब पाठवतो ना.”

कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीतही टोमणे सुरू झालेच होते. “पंप कधी काढलात, भीमराव? उद्‌घाटनाला बोलावलं नाहीत,” वरच्या मजल्यावरचे बापट जिन्यात म्हणाले. पुणेकराला शेजाऱ्याच्या अडचणीत जेवढी गोडी वाटते, तेवढी आमरसातही वाटत नसावी.

भीमरावांनी गाडी वैजनाथ मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटर उघडला, वॉशर बदलले, इंजिनाकडची नळी नवी घातली. तरी वास आपला होताच. चोर सोडून संन्याशाला फाशी! भीमराव चिडले, मग गाडीपाशी खुर्ची टाकून विचार करत बसले. वास रोज येत नव्हता. राकेश हल्ली आला, की जाताना कार्ड काढून टाकी फुल करून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या चाकापाशी ओल दिसायची. मंडईच्या चार फेऱ्या झाल्या, की वास गायब.

भीमरावांनी स्वतः टाकी कधीच फुल केली नव्हती. पगाराच्या दिवशीसुद्धा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. हात आखडता ठेवायची सवय जन्माची.

त्यांनी डिकीतलं अस्तर उचकटलं. टाकीच्या तोंडाकडे जाणारी जाड रबरी नळी वरच्या अंगाला तडकली होती. भेग जुनीच होती, कडा काळ्या पडलेल्या. पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं, म्हणून कळलं नाही इतकंच.

वैजनाथने नळी बदलली, क्लिपा आवळल्या. भीमरावांनी मुद्दाम टाकी काठोकाठ भरली आणि गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत होता. त्यांनी लहान मुलासारख्या उत्साहाने फोन लावला.

“राकेश, गळती थांबली! आम्ही गाडीनेच येतो.”



“पप्पा,” तो हळू आवाजात म्हणाला, “ते मागच्या काचेवरचं काढाल का? प्लीज. ऑफिसचे सगळे येणारेत. त्यांना माहीत नाही. बुद्धवंदना आपण नंतर कधीतरी करू, घरच्या घरी.”

भीमरावांनी फोन ठेवला. त्यांना संताप आला, आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवारी हिराबाई पांढरी साडी नेसून खाली आल्या. हातात दाढीचं ब्लेड होतं.

“अहो, खरवडून टाका,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. “रंगच आहे तो. मला माझ्या पोराचं घर बघायचंय.”

भीमरावांनी ब्लेड घेऊन खिशात ठेवलं. “त्याला म्हणावं, कॅब पाठव,” ते म्हणाले.

कॅब आली. हिराबाई मागच्या सीटवर एकट्या बसून गेल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. भीमराव ओलं फडकं घेऊन मागची काच पुसत राहिले, अक्षरं लखलखेपर्यंत.

बापट पिशवी घेऊन बाहेर पडत होते. “काय, वहिनी भाड्याच्या गाडीने? अजून गळतेय वाटतं?”

“नाही,” भीमराव म्हणाले. “गाडीत काही दोष नाही.”