कुंड्यांना सांगा

आमच्या दगडी पुलाच्या प्रत्येक खांबाला, जिकडून पाणी येतं त्या बाजूला, टोकदार नाक आहे. पुराचं पाणी त्यावर आपटून दोन्हीकडे फाकतं. त्याच नाकाच्या माथ्यावर, कठड्याला लागून, दोन माणसं उभी राहतील एवढा सज्जा आहे. पूल अरुंद आहे. बैलगाडी आली की पायी चालणाऱ्याला सरकायला जागा हवी, म्हणून बांधणाऱ्यांनी तो ठेवला. अंबडच्या कंपनीतून सुटल्यावर मीही रोज तिथेच सरकून कांद्याच्या पिकअपला वाट द्यायचे.

यंदा पुलाचं सुशोभीकरण झालं आणि एकूण एक सज्ज्यात सिमेंटने पक्की केलेली भली मोठी कुंडी बसली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी पुलावर मधोमध चालत होते. मागून हॉर्न वाजला. मी चालत राहिले. एकामागे एक हॉर्न सुरू झाले. शेवटी माझ्या मागच्या पहिल्याच गाडीतून, पुलाच्या पलीकडच्या टोकाला फीत कापायला निघालेले पाहुणे स्वतःच उतरले.

“अहो ताई, ऐकू येत नाही का? बाजूला व्हा!”

“कुठे होऊ? नदीत?”

“उगाच वाद नको. आम्हाला उशीर होतोय.”

“बैलगाडीच्या काळातल्या लोकांनी माझ्यासाठी दगडात जागा बांधून ठेवली होती. तिथे तुम्ही कुंड्या बसवल्यात ना? मग आता त्यांनाच सांगा बाजूला व्हायला.”

डब्याची पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि मी चालू लागले, रोजच्यापेक्षा जरा सावकाश.