प्लास्टिकच्या बैलाला आवतन

गुढीपाडव्याला आम्ही रायपुरातल्या तात्यापाऱ्यातलं जुनं घर सोडून नवा रायपुरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि त्या दिवसापासून माझे सासरे माझ्या नवऱ्याशी, स्वानंदशी, बोलेनासे झाले.

कारण एक लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी बांधून ओढतात तसला, पण चांगला गुडघाभर उंच, पितळी चाकांचा. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रेल्वेत लागल्यावर नागपूरहून आणलेला. सामान हलवताना स्वानंदने तो भंगारवाल्याला देऊन टाकला. एका पायाला वाळवी लागली होती आणि नव्या फ्लॅटमध्ये वाळवी नको, असं त्याचं म्हणणं. इंजिनिअर माणूस. वाळवी दिसली, बाप दिसला नाही.

बोलत नाहीत म्हणजे कसं, तर दोघं एकाच सोफ्यावर बसत आणि बाबा मला स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणत, "देवश्री, त्याले सांग, पंखा कमी कर." मी हात पुसत बाहेर यायची आणि त्यांच्यापासून हातभरावर बसलेल्या नवऱ्याला सांगायची. तो म्हणायचा, त्याईले सांग, एकवरच आहे. मी तेही पोहोचवायची. ऑफिसात मी आवक-जावक सांभाळते, पण घरची आवक-जावक जास्त होती.

श्रावणात आमच्या सोसायटीने तान्हा पोळा करायचं ठरवलं. सेक्रेटरी भैय्यालालजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच नियम काढले. त्यातला एक असा, की बैलाचा रंग हाताला लागता कामा नये, कारण क्लबहाऊसमधले सोफे नवे आहेत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, घरात बैल नाही, तर मी काही येत नाही. "त्याले सांग" म्हणाले नाहीत. तो शेजारीच बसला होता.

स्वानंदचा चेहरा असा पडला की मलाही त्याची कीव आली. बाबांना त्या पोळ्याला न्यायचंच, हे त्याने तिथेच ठरवलं आणि पानावर बसायच्या आत मोबाइलवरून बैल मागवला.

आला तो बैल नव्हता. खोक्यातून निघाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची प्लास्टिकची परदेशी गाय, तीही सुट्या भागांची, घरी जोडायची. शिंगं वेगळी, कान वेगळे, खुर वेगळे, कास वेगळी. आमच्या अनुश्रीने कास उचलून विचारलं, "मम्मी, ये कहाँ लगेगा?" कुठेच नाही, स्वानंद म्हणाला. कास त्याने केराच्या डब्यात टाकली, पोटाखालचं भोक पुट्टीने बुजवलं आणि उरलेल्या पुट्टीचं पाठीवर वशिंड केलं. गाईचा बैल झाला. राहिला रंग.

आधी त्याने दाराचा उरलेला ऑइल पेंट फासला. वाळल्यावर नख लावून पाहिलं तर शिंगाचा रंग केळ्याच्या सालीसारखा सोलून आला. तिथून तो पेटला. रविवारी मला गाडीत घालून भनपुरीला, ट्रकांच्या गर्दीतून, एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे घेऊन गेला. गाड्यांच्या बंपरला रंगाआधी लावतात तो प्लास्टिकचा प्रायमर त्याला हवा होता. गाडी कोणती, त्या माणसाने विचारलं. बैल, स्वानंद म्हणाला. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रक बघत राहिले.

मग घरात बैलाचं राज्य सुरू झालं. सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन झाले, बारीक पॉलिश पेपरने घासून झाले. त्यापुढे उघड्या हाताने शिवायची बंदी, कारण बोटांचं तेल लागतं आणि तेलावर रंग धरत नाही. खुर टूथपिकवर टोचले आणि टूथपिक माझ्या दुधी भोपळ्यात. शिंगं आणि कान दोऱ्याने कपड्यांच्या रॅकवर. आधी प्रायमर, मग रंगाचा पातळ हात, तो पुरता वाळला की दुसरा, तिसरा, आणि वर चकाकणारा लॅकर. लॅकर पक्का होईपर्यंत स्वयंपाकघरात फोडणी बंद, कारण वाफेतलं तेल उडून रंगावर बसतं म्हणे. सणासुदीच्या तोंडावर आम्ही उकडलेलं खात होतो. बिनफोडणीचं वरण पाहून बाबांनी मला विचारायला लावलं, की घरात आजारी कोण आहे. बैल वाळून राहिला, असं उत्तर मी आणून दिलं.

बाबा बाल्कनीकडे बघत नसत. पण पेपर वाचायची खुर्ची त्यांनी हळूच बाल्कनीकडे फिरवून घेतली होती. खरं सांगते, मला त्या दोघांचाही भयंकर राग यायचा.

बैल मात्र देखणा झाला. पांढराशुभ्र, लाल शिंगांचा, काळ्या खुरांचा. ओल्या फडक्याने पुसला तरी काही निघेना. स्वानंद त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेने लग्नात माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. आता त्याला काही दिवस कोणी हात लावायचा नाही, एवढंच बाकी होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ऑफिसातून आलो तर दारातच हळद-तुपाचा वास. बाल्कनीत बाबा मांडी घालून बसलेले, समोर पाटावर बैल. शेजारी वाटीत तुपात कालवलेली हळद, पळसाची पानं आणि तव्यावर तापवलेलं फडकं. आमच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला जाऊन त्यांनी पळस तोडून आणला होता. बाबांनी बैलाची खांद शेकली होती.

आमच्या मूळच्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी हे करतात. वर्षभर जू ओढून बैलाची मान दुखलेली असते, तिला हळद-तूप चोळायचं, शेक द्यायचा आणि जेवणाचं आमंत्रण करायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे खऱ्या बैलाचं. आमच्या बैलाने अजून दोरीसुद्धा ओढली नव्हती.

गरम फडक्याने प्लास्टिक मऊ पडून बैलाची मान वाकत वाकत नाक खुरांना टेकलं होतं. वशिंडाजवळचा रंग सुरकुतला होता आणि तिथून परदेशी काळा ठिपका डोकावत होता. उरलेलं अंग पिवळंधमक.

"देवश्री, त्याले सांग," बाबा म्हणाले, "बैलानं मान टाकली."

"त्याईले विचार," स्वानंद म्हणाला, "प्लास्टिकची खांद काहून शेकली?"

बाबा फडक्याची घडी घालत राहिले. "त्याले सांग, घरचा बैल आहे. घरच्या बैलाची शेका लागते. मी आवतन देऊन बसलो त्याले."

मी काहीच पोहोचवलं नाही. स्वानंदने तूप पुसायला रुमाल काढला आणि न पुसता खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पोळ्याला बैल जेवला. म्हणजे पुरणपोळीचा घास त्याच्या नाकापुढे ठेवला, आणि नाक जमिनीलाच असल्यामुळे ते सोपं गेलं. त्याच्या पुढच्या दिवशी तान्हा पोळा. बाबा सकाळपासून टोपी घालून तयार होते.

क्लबहाऊससमोर बैलांची रांग लागली. भैय्यालालजी ओला अंगठा एकेका बैलावर फिरवत आमच्या बैलापाशी आले. अंगठा पिवळा झाला. ये तो रंग छोड़ रहा है, ते म्हणाले, आणि खाली वाकून, ये बैल ही है न, असंही विचारलं. बाबा गर्दीतून पुढे झाले.

"रंग नहीं है, हल्दी है। परसों कंधा सेंका है इसका। यहाँ और किसके बैल का सेंका है, बताइए।"

भैय्यालालजींनी अंगठा स्वतःच्या कुडत्याला पुसला आणि बनवला कोणी, असं विचारलं.

"मेरे लड़के ने," बाबा म्हणाले.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. बक्षीस बाजारातून आणलेल्या एका मातीच्या बैलाला मिळालं.

घरी परतताना बैल बाबांनी कडेवर घेतला होता आणि त्यांचा सदरा पिवळा होत होता. लिफ्टपाशी ते थांबले.

"काहून रे, पुढल्या पोळ्यापर्यंत टिकन ना हा रंग?"

सवयीने मी स्वानंदकडे वळले. पण मला कोणी काही सांगायला सांगितलं नव्हतं.

"टिकन, बाबा," स्वानंद म्हणाला.

तो रंग टिकणार नाही, हे अख्ख्या नवा रायपुरात त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.