वरची मूठ

लग्नाला अकरा वर्षं होईपर्यंत मी आणि ऑस्करने भांडण्यासारख्या सगळ्या विषयांवर भांडून घेतलं होतं. एसी किती थंड ठेवायचा, वसईला मे महिन्यात जायचं की नाताळात, हमूर माशाच्या कालवणात कैरी घालायची की नाही. ट्रिगर तेवढा राहिला होता. तो विषय दोन हजार एक साली, हिवाळ्याच्या तोंडावर निघाला.

मी दुबईत, देऱ्यातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होते आणि ऑस्कर हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचा. शुक्रवार आमचा ठरलेला. सकाळी शारजाच्या चर्चमध्ये मिस्सा, घरी येऊन जेवण, आणि जुम्म्याची नमाज सुटली की हमरियाच्याही पुढे, वाळूत, नेमबाजीचा क्लब. कॉलेजात एनसीसीमध्ये ऑस्करला बंदुकीचा नाद लागला होता, तो इथे येऊन पक्का झाला. मी नुसती सोबत जायचे. सोबत म्हणजे काय, तर दुर्बिणीला डोळा लावून त्याच्या गोळ्या कुठे लागल्या ते ओरडून सांगायचं आणि सगळ्यांना सँडविच द्यायचे. सात वर्षं मी हेच केलं. मग एकदा कंटाळून म्हटलं, द्या बघू इकडे, आणि रायफल हातात घेतली. महिन्याभरात मी नवऱ्यापेक्षा बरी मारू लागले. नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही, उलट मिस्साला भेटेल त्याला सांगत सुटला. माझा नवरा तसा चांगला आहे.

क्लबचा कप्तान खलफान, शारजाचाच माणूस, लहानपणापासून भारतीय शेजाऱ्यांत वाढलेला, त्यामुळे हिंदी झकास. त्या वर्षी अबू धाबीतल्या खलिफा सिटीच्या लोकांनी आम्हाला जोडीच्या सामन्याचं आव्हान धाडलं, सामना आमच्याच क्लबवर. जोडी म्हणजे एक पुरुष, एक बाई, आणि दोघांना मिळून एकच रायफल. आधी एकाने मारायचं, मग दुसऱ्याने. आमच्या क्लबची रायफल सेमी ऑटोमॅटिक होती, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपसूक चढते, बोट मात्र दर वेळी नव्याने दाबावं लागतं. नळी उत्तम, दुर्बीण उत्तम, आणि कंपनीचा मूळ ट्रिगर भिकार. दाबताना भातात खडा लागावा तसा मध्येच अडकायचा. खलफानने नवा घ्यायचं ठरवलं आणि देऱ्यातल्या व्यापाऱ्याकडून दोन नमुने आणवले. एक ठेवायचा, एक परत.

एक होता टू-स्टेज. त्यात बोट आधी थोडं सैल मागे जातं, मग घट्ट लागतं, तिथे थांबायचं, श्वास धरायचा, आणि मग पुढे दाबायचं. दुसरा सिंगल-स्टेज. त्याला सैलपणा नाहीच. बोट टेकवलं की तिथूनच काम सुरू, आणि दाब पुरेसा झाला की भाजलेला पापड मोडतो तसा तो सुटतो.

ऑस्करला टू-स्टेज हवा होता, आणि त्यात नवल काहीच नाही, कारण माणूसच टू-स्टेज. घसा खाकरल्याशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघत नाही. मला मागणी घालायला तो वसईजवळ पापडीला आमच्या घरी आला, तेव्हा शिडी मागून निघून गेला. आठ दिवसांनी शिडी परत करायला आला, अंगणात उभा राहून घसा खाकरला, आणि पुढचं काही बोलायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. मला मध्ये थांबणं जमतच नाही. थांबले की डोक्यात गॅसवरचं दूध येतं, उद्याची शिफ्ट येते, आणि नेम हलतो.

"यल्ला, चलो," खलफान म्हणाला, "ट्रिगर एक, उंगली दो. दोनों ट्राय करो, फिर देखेंगे."

क्लबची हत्यारं सांभाळायचा रामचंद्र, राजापूरकडचा, मोजकं बोलणारा आणि सारखं शिंकणारा. त्याने आधी टू-स्टेज बसवला. ऑस्करने सुरेख मारलं. माझ्या गोळ्या कागदभर पांगल्या. मग त्याने सिंगल-स्टेज बसवला, आणि मी मारलं तेव्हा दुर्बिणीपाशी बसलेली ममता खुर्चीतून उठून उभी राहिली. ममता बँकेत होती, गोड मुलगी, टू-स्टेजवर उत्तम मारायची. तिचं नाव इथे का घेतेय ते आता कळेल.

कारण मग ऑस्कर रायफल घेऊन आडवा झाला. सवयीने त्याने बोट मागे घ्यायला सुरुवात केली, जो सैलपणा नव्हताच तो शोधत. ठो! गोळी निशाणाच्या अलीकडे वाळूत. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. दुसरी गोळी, पुन्हा तेच. तिसरी तो इतका जपून दाबायला गेला की ती शेजारच्या माणसाच्या कागदाला लागली. त्या माणसाने आभार मानले.

सगळे हसले, मीही हसले. खलफान हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "करेन, बुरा मत मानना. अगले जुम्मे तक ऑस्कर सिंगल पे नहीं आया, तो टू-स्टेज रखेंगे. और टू-स्टेज पे ममता अच्छी है."

बुरा मत मानना! मला फार वाईट वाटलं. सात वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्यावर संघाच्या फळ्यावर माझं नाव पहिल्यांदा लागायला आलं होतं, आणि ते माझ्याच नवऱ्याच्या बोटावर अडलं होतं. गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. ऑस्करने वाटेतला पूल येईपर्यंत दोनदा घसा खाकरला.

"मी प्रॅक्टिस करतो," शेवटी म्हणाला.

"कशावर? रायफल काय घरी आणणार आहेस?"

त्याने टीव्हीचा रिमोट धरला. आठवडाभर रोज संध्याकाळी सोफ्यावर पालथा पडून, एक डोळा मिटून, तो रिमोटचं बटण हळूहळू दाबायचा. बातम्यांवरून क्रिकेट, क्रिकेटवरून अरबी स्वयंपाक. मला कुठलाही कार्यक्रम धड बघता आला नाही, पण मी रिमोट काढून घेतला नाही. माझ्यासाठी चाललं होतं ते सगळं, मला दिसत होतं.

पुढच्या शुक्रवारी मिस्सानंतर देऱ्यात जाऊन सासूबाईंचं पार्सल घेतलं. वसईहून कोणी येणार असलं की इनेज आई कालवणाचा आमचा तिखट बॉटल मसाला पाठवतातच. अर्धा अर्धा किलोची तीन पॅकेटं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर त्यांच्या अक्षरात 'अर्धा किलो'. घरी जायला वेळ नव्हता, म्हणून पार्सल तसंच डिकीत टाकून क्लबला गेलो.

तिथे रामचंद्र कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"वहिनी, नियम बघितलात का? ट्रिगरने दीड किलो धरलं पायजे. सामन्याच्या दिवशी पंच रिकामी रायफल उभी धरून ट्रिगरला वजन लटकवणार. सुटला तर जोडी बाद. मी मागच्या जुम्म्याला अंदाजाने बसवला होता, तो भलताच हलका झाला."

"मग लाव की वजन."

"क्लबचं वजन कोणीतरी नेलं. दाराला लावायला नेलं म्हणतात."

दीड किलो. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. "ऑस्कर, डिकी उघड!"

तीन पॅकेटं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रामचंद्रने ती ट्रिगरला अडकवली. रायफल रिकामी आहे हे त्याने तीनदा बघून घेतलं, मग स्क्रू फिरवत फिरवत ट्रिगर त्या पिशवीला जेमतेम धरेल असा केला. एवढ्या वेळात तो इतका शिंकला की खलफान ऑफिसातून बघायला आला. रायफलीला वासही लागला, पण अबू धाबीच्या नियमांत वासाबद्दल काही नव्हतं.

आणि ऑस्करने त्या दिवशी मारलं! बोट टेकवलं, सवयीने जरा मागे घ्यायला गेला, थांबला, श्वास धरला, ठो! मधोमध. पुन्हा मधोमध. मला स्वतःला ट्रिगर मागच्या वेळेपेक्षा थोडा जड वाटला, पण नियमच तसा आहे म्हटल्यावर मी मन लावून मारलं आणि छान मारलं. खलफानने टाळी वाजवली. "खलास! सिंगल-स्टेज. ऑस्कर और करेन."

फळ्यावर माझं नाव इंग्रजीत लिहिलं, त्यात एक अक्षर चुकलेलं. मी ते दुरुस्त केलं नाही. परत येताना मी ऑस्करच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रिमोटबद्दल मनात आलेलं सगळं वाईटसाईट मागे घेतलं.

सामन्याच्या दिवशी खलिफा सिटीचे लोक दोन गाड्या भरून आले, त्यांच्या जोडीतली बाई कडक इस्त्रीच्या कपड्यांत. पंचांनी टेबल मांडलं, त्यावर दीड किलोचं पितळी वजन. आधी पाहुण्यांची रायफल, मग आमची. मी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. वजन वर उचललं गेलं आणि ट्रिगर गप्प राहिला. पास.

मी श्वास सोडला. पण रामचंद्र तिथून हलेना. नवल वाटल्यासारखं त्याने वजनाच्या हुकाला आपला किल्ल्यांचा जुडगा अडकवला. ट्रिगर गप्प. मग त्यावर छोटा पाना. ट्रिगर तरी गप्प.

"वहिनी," तो म्हणाला, "हा तर दीडच्या बराच वर धरतोय. तुमच्या पिशवीत होतं काय?"

आणि मला एकदम सगळं कळलं. इनेज आई! त्या बाईने जन्मात कुणाला मोजून मापून काही दिलेलं नाही. तांदूळ देतील तर शेर भरून वर मूठ, सुकट देतील तर वर मूठ, शेजारणीला उसनी साखर परत करतील ती पण वर मूठ घालून. अकरा वर्षं मी त्यांच्या हातचं घेते आहे आणि त्यांच्या अर्ध्या किलोला वजन समजून बसले. तीन पॅकेटं म्हणजे तीन मुठी जास्त. म्हणून तो जड होता. म्हणूनच ऑस्करचं बोट सवयीने मागे गेलं तरी ट्रिगर लगेच सुटत नव्हता. रिमोटचा त्यात फारसा हात नव्हता.

खलफानने घड्याळ बघितलं. "अभी टाइम है. हलका करो. डेढ़ तक अलाउड है, तो भारी क्यों रखना? करेन का स्कोर और बढ़ेगा."

खरं होतं ते. पहिल्या शुक्रवारी हलक्या ट्रिगरवर मी जे मारलं होतं, तसं पुन्हा मारायची फार इच्छा होती मला. खलिफा सिटीच्या त्या कडक इस्त्रीच्या बाईसमोर तर फारच. पण हलका केला की ऑस्करची पहिली गोळी वाळूत.

मी ऑस्करकडे पाहिलं. सगळं त्याच्याही लक्षात आलं होतं, कान लाल झाले होते त्याचे.

"हलका कर, रामचंद्र," ऑस्कर म्हणाला. "तिला हवा तसा कर. आपली मुख्य नेमबाज ती आहे."

घसा न खाकरता म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला तिथल्या तिथे, पंचांसमोर, त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आहे तसाच राहू दे. खलफानभाई, जोडी का मॅच है ना? तो जोडी का ट्रिगर रहेगा."

खलफानने दोन्ही हात वर केले. "इन्शाल्ला," म्हणाला, म्हणजे आता देवावर सोडलं.

आधी ऑस्कर आडवा झाला. दुर्बिणीवर ममता होती, माझ्या जुन्या जागेवर, आणि माझ्यासारखीच ओरडून आकडे सांगत होती. एकही गोळी वाळूत गेली नाही. ग्रेट मारलं असं नाही म्हणणार, पण माझ्या हाती सामना जिवंत दिला. मग मी पडले. बोट टेकवलं. दूध आठवलं नाही, शिफ्ट आठवली नाही. फक्त रायफलीच्या लाकडातून येणारा मसाल्याचा वास तेवढा येत होता आणि घरी असल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या गोळीला ममता आकडा न सांगता नुसती किंचाळली, तेव्हा मला कळलं की आम्ही जिंकलो. थोडक्यात जिंकलो, पण जिंकलो. कडक इस्त्रीच्या बाईने येऊन हात मिळवला आणि विचारलं, कुठल्या कंपनीचा ट्रिगर आहे. रामचंद्र शिंकला.

घरी आल्याबरोबर मी फोनकार्ड खरवडलं आणि वसईला लावला.

"आई, मसाला तुम्ही कसा भरता हो?"

"कसा म्हणजे?" पलीकडून इनेज आई म्हणाल्या. "अर्धा किलो तोलते नि वर एक मूठ टाकते. अर्धा किलो तुम्हा दोघांचा. वरची मूठ माझ्या ऑस्करची. का गं, पोचली नाही का?"

ऑस्कर सोफ्यावर बसून दोन्ही हातांनी रिमोट शोधत होता.

"पोचली, आई," मी म्हटलं. "बरोबर त्यालाच पोचली."