प्रसूतिगृहाचा पाया

नगराध्यक्षा झाल्यावरही गावातल्या बायका तिला नर्सबाईच म्हणत. सरकारी कोषागाराचा हुकूम घेऊन तिच्या दालनात आला तो नगरपालिकेचा लेखापाल, म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर.

"वहिनी, प्रसूतिगृहाचा जुना निधी सरकारने परत मागितलाय. वेळेत वापरला नाही म्हणून."

"आणि नकाशाची मंजुरी कोण अडवून बसलं होतं?"

"सरकारच. मंजुरी गेल्या महिन्यात आली, पण निधीची मुदत त्याआधीच संपली. या धनादेशावर सही करा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही अडलेल्या बाईला टेम्पोत घालून शेजारच्या शहरात न्यावं लागे. दोघींची बाळंतपणं तर तिने स्वतः रस्त्याच्या कडेला, चादरीच्या आडोशाने केली होती.

"नाही करत, जा भाऊजी!"

तिने तातडीची सभा बोलावली. विरोधी बाकावरचे वकीलसाहेब एरवी तिच्या प्रत्येक शब्दाला फाटे फोडायचे, पण आता त्यांची सूनच पोटुशी होती. काम सुरू करायचा ठराव एकमताने झाला. कंत्राटदाराने पाया खणला, मिक्सर घरघरू लागला.

कोषागाराचा अधिकारी गाडीतून तणतणतच उतरला. "काम बंद करा! पैसा सरकारचा आहे."

"आणि गावातल्या बायका कुणाच्या?"

"बाई, खुर्ची जाईल तुमची."

"न्या की! फक्त पाय जपून टाका, काँक्रीट ओलं आहे."

खुर्ची गेलीच. वर सरकारने सगळी रक्कम नगरपालिकेच्या पुढच्या अनुदानातून कापून घेतली आणि सफाई कामगारांचे पगार रखडले. ते तिच्या दारात येऊन नाही नाही ते बोलले. खुर्ची जाण्यापेक्षा हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं. मग तिने पदर खोचला आणि त्यांनाच घेऊन कोषागाराच्या पायऱ्यांवर ठिय्या दिला. पगार सुटेपर्यंत ती हलली नाही.

नव्या अध्यक्षाला उभे खांब पाडायची छाती झाली नाही. त्याने छत घातलं आणि कोनशिलेवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. तिथे पहिली जन्मली ती वकीलसाहेबांची नात.

"कोनशिला पाहिलीस?" नवरा धुसफुसला. "तुझं नाव औषधालाही नाही."

"राहू दे हो," ती हसून म्हणाली. "निवडणुकीचा अर्ज कधीपासून भरायचा, तेवढं भाऊजींना विचारून या."