मागचा डावा कोपरा

मित्रांनो, मी एक म्हातारं वाफेचं इंजिन आहे, पण माझी चाकं अजून कोरी आहेत. लांबीने म्हणाल तर मी हातभर. खिडकीजवळच्या फळीवर, रुळाच्या एका लहानशा तुकड्यावर मी उभा असतो. मला धुराडं आहे, शिट्टी आहे, सहा चाकं आहेत आणि पोटात तांब्याचा बॉयलर आहे. नाही ती फक्त वाफ. उभ्या आयुष्यात एकदाही माझ्या पोटात वाफ झाली नाही. असं का झालं ते सांगतो. ऐकायला फारसं गमतीचं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मी या घरात आलो तो एका जड खोक्यातून, सुटा सुटा. पितळेचे पत्रे, ओतीव लोखंडाची चाकं, तांब्याच्या नळ्या, मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू आणि वर घडी घातलेले नकाशे. ते खोकं उघडलं मिस्त्रींनी. मिस्त्रींनी चौतीस वर्षं एका कारखान्यात लेथ चालवला होता. चौतीस वर्षं ते एकाच मापाचे दांडे कातत राहिले. ते दांडे पुढे कुठल्या यंत्रात बसतात, ते यंत्र कसं चालतं, हे त्यांना कुणी कधी दाखवलं नाही. त्याची रुखरुख त्यांच्या मनात राहून गेली होती. निवृत्त झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "एक तरी वस्तू अशी करीन की पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत माझी. आणि ती चालताना मी या डोळ्यांनी बघीन."

"करा की," बायको म्हणाली. "फक्त माझ्या ओट्यावर पसारा नको."

म्हणून पसारा बाहेरच्या खोलीत मांडला गेला. त्या खोलीत आधीच एक टेबल होतं, ते त्यांच्या मुलीचं. तिला घरात आणि गल्लीत सगळे खुडबुडी म्हणत. लहानपणी तिने घरातलं एकही घड्याळ धड ठेवलं नव्हतं, आणि मोठेपणी तोच तिचा धंदा झाला. लोक बंद पडलेले रेडिओ, मिक्सर, टेबलपंखे तिच्याकडे आणत. तिच्या टेबलावर एक तापणारी सळई असे आणि शिशाच्या करड्या तारेचं भेंडोळं असे. ती तार मेणासारखी चटकन वितळते आणि तुटलेल्या वायरी जोडते. या जोडण्यालाच झाळणं म्हणतात. बाप एका टेबलाशी, लेक दुसऱ्या टेबलाशी. तासन् तास दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत, आणि तरी त्या खोलीत मला कधी एकटं वाटलं नाही.

मला घडायला सहा वर्षं लागली. मिस्त्री कानस लावायचे, मग अंगठा फिरवून बघायचे, मग पुन्हा कानस. शेजारपाजारचे लोक चहाला आले की मला हातात घेत आणि म्हणत, "मिस्त्री, हात आहे की जादू?" मिस्त्री फक्त मान हलवत. मी मात्र फुशारून जायचो. आता वाटतं, तेवढ्यात समाधान मानायला हवं होतं.

कारण चौथ्या वर्षी त्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही धूसर झालं. एक डोळा पुरता गेला आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी बजावलं, ज्वालेकडे बघायचं नाही. आणि नेमकं मोठ्या ज्वालेचं काम शिल्लक होतं, माझा बॉयलर. बॉयलरचे सांधे शिशाने झाळून चालत नाहीत. त्याला चांदीची झाळ लागते. झाळ नीट धरावी म्हणून तांब्याला टाकणखार लावायचा, गॅसची ज्वाला सोडून तांबं लाल होईपर्यंत तापवायचं, मग चांदीची तार टेकवायची. ती पाण्यासारखी सांध्यात धावते. मिस्त्रींनी हे काम मागच्या अंगणात एकट्याने केलं. दोन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. जेवताना भाजीची वाटी सांडली. आईने सांडलेली भाजी पुसून घेतली, आणि खुडबुडीने ते पाहिलं.

बॉयलर धरतोय की गळतोय, हे आधी गार पाण्याने तपासतात. माझ्या पोटात काठोकाठ पाणी भरलं. मिस्त्रींनी हातपंप मारायला सुरुवात केली. दाब दाखवणारा काटा वर चढत गेला. त्यांना तो दिसत नव्हता, म्हणून खुडबुडी समोर बसली होती.

"थेंब आहे का?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, थेंब होता. बॉयलरला जोडलेल्या माझ्या भट्टीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो हळूच बाहेर आला आणि लोंबत राहिला. खुडबुडीने त्याच्याकडे पाहिलं, मग बापाच्या हातांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काटा?"

"जागेवर आहे."

काटा जागेवर नव्हता. मिस्त्रींनी पंपाचा दांडा सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. रविवारी इंजिनं पास करणाऱ्या तपासनीसांना बोलवायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

खुडबुडीच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ती ते मोठ्याने बोलली. मिस्त्री आणि आई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. खोलीत मी आणि ती. "सांगितलं तर परत ज्वाला पेटवणार," ती सळई तापवता तापवता पुटपुटली. "परत हात थरथरणार. आहे तो डोळाही जाणार. एवढंसं तर भोक आहे." तिने तो कोपरा घासून चकचकीत केला आणि आपल्या भेंडोळ्यातली शिशाची तार त्याला टेकवली. काम सुरेख झालं. झाळणं हाच तर तिचा धंदा. वरून तिने थोडी काजळी चोळली, नवं काम कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

रविवारी तपासनीस आले. आमच्यासारखी इंजिनं बनवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. एका बागेत त्यांचा गोल रूळ आहे, आणि तपासनीसांनी पास केल्याशिवाय त्यावर कुणाचंही इंजिन चढत नाही. माणूस सज्जन होता, पण डोळ्यांत तेल घालून बघणारा. त्यांनी माझी चाकं फिरवली, वाहवा केली, गार पाण्याचा दाब दिला. चढलेला काटा खाली आला नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग तपासनीसांनी भिंग काढलं, एकेक सांधा पाहिला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबले. चाकूचं टोक त्यांनी हलकेच दाबलं. ते आत रुतलं.

"इथे शिसं आहे," ते म्हणाले.

खुडबुडी दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होती.

"भट्टी पेटली की हे वितळणार," तपासनीस सांगत राहिले. "उकळतं पाणी थेट अंगावर येईल. आणि आता इथे चांदीची झाळही बसायची नाही. शिसं एकदा तांब्यात मुरलं की बॉयलर कायमचा वाया जातो, हे तुम्हाला मी सांगायचं? कुणी केलं हे?"

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांची नजर कुठेच नव्हती, पण तोंड दाराच्या दिशेला होतं. घरात शिशाची तार एकाच टेबलावर असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मी," ते म्हणाले. "दिसत नाही आता नीट. हाताला आली ती तार लावली."

तपासनीसांनी चाकू मिटला. "मग मिस्त्री, आता हे काम थांबवा," ते हळूच म्हणाले. पेले खुडबुडीच्या हातातच राहिले.

त्यानंतर मला कुणी हातात घेऊन वाखाणलं नाही. मिस्त्रींनी शिशाने बॉयलर झाळला, ही गोष्ट चार दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. लोक कीव करत, आणि कीव करणारे लोक चहाला थांबत नाहीत. तयार बॉयलर मागवू या, असं खुडबुडी दोनदा म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "दुसऱ्याच्या हातचा नको." त्यांनी कानशी तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि कपाटात ठेवल्या. दुसरा डोळा वर्षभरात गेलाच. ज्याच्यासाठी ती खोटं बोलली होती तो डोळा.

रोज सकाळी मिस्त्री एका मऊ ब्रशने माझी धूळ झाडत. धूळ झाडून झाली की त्यांचा अंगठा माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात जाई आणि नख त्या मऊ शिशावर उगाच फिरत राही. खुडबुडी समोरच्या टेबलाशी बसून ते पाहत असे. चार वर्षांत तिथे नखाची एक खोबण पडली. मला दुखलं नाही. तिला दुखत असावं.

मग एका सकाळी मिस्त्री म्हणाले, "खुडबुडे, पंप आण. उगीच. हाताला बरं वाटेल."

तिने पाणी भरलं. त्यांनी पंप मारला. काटा अर्ध्यापर्यंत चढला आणि नखाने झिजलेल्या शिशातून तो जुना थेंब पुन्हा बाहेर आला.

"थेंब आहे का?"

तिने बोटाने तो थेंब टिपला. "आहे," ती म्हणाली. "मागच्या डाव्या कोपऱ्यात. तेव्हाही होता, बाबा. शिसं मी लावलं."

"माहीत आहे."

"मग तुम्ही 'मी' असं का म्हणालात?"

"लोक तुझ्याकडे रेडिओ घेऊन येतात. तुझा हात खोटा ठरला असता. मला आता कुठे दुकान चालवायचं होतं? पण मला तेव्हाच सांगायचं होतंस गं. पहिल्या वेळेला थेंब येतोच. माझ्याच काय, कुणाच्याही बॉयलरला येतो. त्याच्यासाठीच तर वीतभर तार मागे ठेवली होती. कानशींच्या खालच्या डबीत बघ."

तिने कपाट उघडलं. डबीत टाकणखाराची पुडी होती, आणि कागदात गुंडाळलेली वीतभर चांदीची तार होती. शिसं मुरलेल्या तांब्यावर ती आता बसणार नव्हती. ती तशीच खाली बसली आणि रडली. मिस्त्रींनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताखाली पंपाचा दांडा होता.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, तेल देत जा, पाणी भराल तर नंतर काढून कोरडं करत जा. आम्ही तेवढ्यावर खूप वर्षं टिकतो. पण घरात कुणी विश्वासाने विचारलं, थेंब आहे का, आणि तो असेल, तर आहे म्हणा. मायेपोटीसुद्धा नाही म्हणू नका. त्याच्यावरचा उपाय कुणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो, आणि तो फार दिवस थांबत नाही.

त्या सकाळी खुडबुडीने माझ्या पोटातलं पाणी काढलं आणि मला फडक्याने पुसून पुन्हा फळीवर ठेवलं. मग तिने तार कागदात गुंडाळली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं.