ताकाच्या डेऱ्यातलं द्राक्षासव

मी एक डेरा बोलतोय. पोट मोठं, मान आखूड, तोंड रुंद. कुंभाराच्या दारात काशम्मानं मला तीन ठिकाणी टिचकी मारली, आवाज ऐकला आणि डोक्यावर घेऊन सोलापुरात आणलं. दहा वर्षं माझ्या पोटात ताक घुसळलं गेलं. जन्म ताकातच जाणार असं मी धरून चाललो होतो, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

काशम्माचे यजमान वीरभद्रप्पा नवी पेठेत वैद्य. पुढं दुकान, मागं घर. माणूस गुणी, पण आपलं चुकलं असं म्हणायची वेळ आली की त्यांना नेमका खोकला येई.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात त्यांची लेक नीलम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मागोमाग तिच्या सासऱ्यांनी, सिद्धाप्पांनी, वळसंगच्या मळ्यातून चार पाट्या द्राक्षं धाडली. निरोप असा की सुनेला माझ्याच द्राक्षांचं आसव द्या, बारशाला मीही चाखीन. गारांच्या धास्तीनं त्यांनी घड आधीच उतरवले होते. निम्मी द्राक्षं हिरवी, दात आंबवणारी. पण व्याह्यांची द्राक्षं परत कशी करायची?

त्यात आसवाचं मडकं तडकलेलं. काशम्मा देवळात गेलेली पाहून वैद्यांनी मला उचललं, वरवर विसळलं, आतून तूप चोळलं आणि रस, गूळ, आंबवायला धायटीची फुलं भरून तोंडाला फडकं बांधलं. काशम्मा परतली तर मी दुकानाच्या कोपऱ्यात, गुळाच्या वासाचा.

"इचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली. वैद्यांना खोकला आला. त्या दिवसापासून तिनं अबोला धरला.

पण संसारात बोलल्यावाचून भागतं होय? दोघंही माझ्याशी बोलू लागली.

"डेऱ्या, सांग त्यास्नी, जेवण वाढलंय."

"डेऱ्या, सांग तिला, भूक न्हाय."

"डेऱ्या, सांग, झुणका हाय."

"डेऱ्या, सांग, आलोच."

एवढा मान आमच्या कुळात कुणाला मिळाला नसेल. तोवर पोटात रस खदखदत होता. वीसेक दिवसांनी तो निवला. वैद्यांनी चमचाभर चाखला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. इतकं आंबट मी दहा वर्षांत पोटात ठेवलं नव्हतं.

चैत्र सरला, पत्रे तापले, आणि एका दुपारी माझ्या पोटात पुन्हा बुडबुडे उठले. आधीसारखे दांडगे नव्हेत. बारीक, कुणी आत बसून कुजबुजावं तसे. वैद्यांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. निवलेलं आसव पुन्हा उठलं म्हणजे नासलं, असं ते गुरूंकडून शिकले होते. नेमकी त्याच आठवड्यात नीलम्माला मुलगी झाली होती. बारसं तोंडावर, सिद्धाप्पा येणार, आणि आसवाची ही तऱ्हा. वैद्यांनी मला कवटाळलं आणि गटाराकडं निघाले. हात घामानं निसरडे.

काशम्मा दारात आडवी उभी राहिली.

"डेऱ्या, सांग त्यास्नी, आतलं त्यांचं आसंल, डेरा माझा हाय. खाली ठेवा म्हणावं."

वैद्यांनी मुकाट्यानं मला खाली ठेवलं.

तेवढ्यात आम्लपित्ताचं चूर्ण न्यायला सोमलिंग सर आले. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. झालेला प्रकार ऐकून त्यांनी वास घेतला, थेंबभर चाखलं आणि यात आधी काय असायचं, असं विचारलं. वैद्यांना खोकला आला. दाराआडून काशम्मा म्हणाली, "ताक. धा वर्सं."

सर हसले. त्यांनी सांगितलं की कच्च्या द्राक्षात हिरव्या सफरचंदातला कडक आंबटपणा असतो. डेऱ्याच्या मातीत मुरलेले ताकाचे जंतू उन्हानं जागे झाले असावेत. ते हा आंबटपणा खातात आणि तो दह्यासारखा मवाळ करतात. बुडबुडे त्यांच्या खाण्याचे. परदेशातले वाइन करणारे याची मुद्दाम वाट पाहतात. नासूही शकतं, पण वास चांगला आहे. हलवू नका, ऊब द्या, फडकं सैल ठेवा.

त्या दिवसापासून घरात दोन बाळं झाली. एक गोधडी नातीला, एक मला. काशम्मा तिची मालिश आटोपली की माझ्या पोटाला हात लावून बघे. वैद्य रोज थेंबभर चाखत. बारशाच्या आदल्या दिवशी कुजबुज थांबली. वैद्यांनी चमचा तोंडात घातला, आणि या खेपेला दोन्ही डोळे उघडे राहिले.

बारशाला सिद्धाप्पांनी वाटी एका घोटात संपवली, मिशा पुसल्या आणि पुन्हा पुढं केली. म्हणाले, "वैद्यबुवा, माझी द्राक्षं कच्ची होती, मला ठावं हाय. हे साधलं कसं?"

वैद्यांचा हात छातीवर गेला. खोकला येणार हे मी ओळखलं. काशम्मा पाळण्याची दोरी धरून उभी. पण खोकला आलाच नाही. वैद्य माझ्याकडं वळले.

"डेऱ्या, सांग तिला, न इचारता नेलं ते माझं चुकलं. आसव तिच्या ताकानं तरलं."

सिद्धाप्पा माझ्याकडं बघत राहिले. काशम्मा म्हणाली, "मला ऐकू येतंय की. डेऱ्याला कशाला तरास?"

पुढच्या माघात सिद्धाप्पांनी आठ पाट्या धाडल्या, मुद्दाम कच्च्या. मी कायमचा आसवाचा झालो. आता पाचेक वर्षं होत आली. कडेचा टवका उडालाय, रंग काळपट झालाय, कसला म्हणाल तो वास माझ्या अंगाला येतो. नीलम्माला तो सोसत नाही. माहेरी आली की पोरीला आजीकडं देते, पदर खोचते आणि राख नि काथ्या घेऊन माझ्याकडं निघते. बाई मायाळू आहे, हेतू चांगला आहे. पण तुमच्यापैकी कुणी नवी पेठेत आलात, तर तिला एवढं समजवा: मला घासू नकोस. मी जो काही आहे, तो नीट न घासल्यामुळंच आहे.